पाकिटावर कोणाचं नाव?

१९५९ साली गिरगावातल्या सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पापड खपू लागले, लाटणाऱ्या हातांची संख्या वाढली. पण मालाला स्वतःचं असं नाव मिळालं ते १९६२ साली. नावासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं ‘लिज्जत’ सगळ्यांना पसंत पडलं आणि पुढे ते देशभर गेलं.

मला या गोष्टीतल्या मधल्या तीन वर्षांचं फार अप्रूप वाटतं. तेव्हा गिऱ्हाईक नावावर नव्हे, पापडावर भरवसा ठेवून येत होतं. आणि व्यवसाय कुणा एका शेटजीचा नव्हता. लाटणारी प्रत्येक बहीण त्याची मालकीण, हा नियम तिथे आजही आहे. नाव मागाहून आलं तरी चाललं, कारण व्यवसाय कोणाचा हे पहिल्यापासून पक्कं होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत उलटं होतं. नावावर महिनाभर खल चालतो आणि व्यवसाय कोणाचा, हा प्रश्न कुणाच्या तोंडूनही निघत नाही.

सध्या हे अगदी जवळून बघते आहे. सांगलीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी भाजणी, मेतकूट, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी करून विकतात. तांदूळ, ज्वारी, हरभराडाळ, उडीदडाळ, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. धणे-जिरे शेवटी, मंद आचेवर. गिरणीत गेल्यावर आधीचं दळण कसलं होतं ते विचारून मगच डबा पुढे करायचा. घरी आल्यावर पीठ कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, नाहीतर पिशवीत घाम धरतो. मग पिशवीत पेनाने लिहिलेली चिठ्ठी घालायची: ‘भाजणी, १ किलो’ आणि खाली तारीख. इतकी वर्षं हेच त्यांचं लेबल.

आता पेठेतला एक किराणा दुकानदार त्यांचा माल फळीवर ठेवायला तयार झाला आहे. त्याची अट रास्त आहे: पाकीट छापील हवं. त्यावर मालाचं नाव, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. बाकी सगळं जमलं, अडलं ते नावाशी. घरात बैठक बसली. भाऊजी म्हणाले, ‘श्री गजानन गृहउद्योग’ ठेवू. पुण्याहून मुलाने फोनवर एक इंग्रजी नाव सुचवलं. जाऊबाईंना नातीचं नाव हवं होतं. सासूबाईंनी स्वतःहून काही सुचवलं नाही, पण भाजणी त्यांच्याकडून आलेली, म्हणून त्यांचंही नाव निघालं. मग मी लिहिते म्हणून मला वर बोलावलं.

प्रत्येकाने मनापासूनच सुचवलं होतं. तरीही त्या यादीत वहिनी कुठेच नव्हत्या.

देवाचं नाव ठेवण्यामागची भावना मला कळते. धंद्याची भीती वाटते तेव्हा माणूस देवाचा हात धरतो. पण दुकानाच्या फळीवर काय होतं ते बघा. एकीला भाजणी आवडली, पुढच्या खेपेला तिने ‘गजाननची द्या’ म्हणून मागितली आणि दुकानदाराने दुसऱ्याच गजाननची काढून दिली. पहाटे उठून भाजणी भाजणारी एक आणि तिने कमावलेला भरवसा जमा होतो तिसऱ्याच्या खात्यात. पुण्यातल्या अमृततुल्य चहावाल्यांना हे नीट उमगलेलं आहे. ‘अमृततुल्य’ हा शब्द सगळ्यांचा, त्यामुळे ओळख सांगायची ती त्याच्या आधी लावलेल्या नावाने. तिथे चहा गल्लीतल्या गल्लीत विकायचा असतो, गिऱ्हाइकाला दुकान डोळ्यांनी ओळखता येतं. पाकिटाला ती सोय नाही. त्याला एकट्यानेच ओळख सांगावी लागते.

आडनावाचं वजन तर आमच्या जिल्ह्याला सांगायलाच नको. भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा व्यवसाय सुरू केला, पुण्यातलं चितळे बंधूंचं दुकान १९५० सालचं. गाडगीळ सराफांची सुरुवात सांगलीतली, १८३२ सालची. आडनाव म्हणजे घराण्याने जबाबदारी घेतली, असा अर्थ गिऱ्हाईक लावतं आणि तो खराही असतो. पण आडनाव एकट्याचं नसतं. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात ३५ वं कलम आहे. स्वतःचं नाव किंवा आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला त्यामुळे सहजी अडवता येत नाही. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या की एकाच आडनावाच्या दोन-तीन पाट्या लागतात, हे आपण गावोगाव बघतो. वहिनींच्या बाबतीत तर आणखी एक मुद्दा आहे. ते आडनाव सासरचं. उद्या दिरांनी किंवा जावेने त्याच नावाने मसाले काढले, तर वहिनी कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

मुलाबाळांच्या नावाबद्दल फार लिहीत नाही. मूल मोठं होऊन आपल्या वाटेने जातं, ते जावंच. त्याच्या खांद्यावर आईचं दुकान कशाला?

आपल्या माणसाचं नाव धंद्याला देण्यात वाईट काहीच नाही. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली काढलेल्या ‘विको’ची आद्याक्षरं विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी अशी उलगडतात, वडिलांचं नाव त्यात मुरून गेलं आहे. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये सहलींचा व्यवसाय काढला तो स्वतःच्या पहिल्या नावाने. २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी वेगळी वाट धरली आणि त्यांनीही पाटीवर स्वतःचंच पहिलं नाव लावलं. मला ही वीणाताईंची पाटी फार महत्त्वाची वाटते. मराठी बाईने आडनावाचा आधार न घेता आपलं साधं, घरात हाक मारतात ते नाव व्यवसायाला द्यावं, हे अजूनही विरळाच.

मुंबईत महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं तेव्हा मी जमेल तसं जाऊन येते. राज्यभरातल्या बचत गटांचा माल तिथे असतो आणि तो उत्तम असतो. गटांची नावं वाचत फिरावं: जिजाऊ, सावित्री, अहिल्या, रमाई. या नावांमागचा आदर माझाही आहे. पण पाकीट उलटून बघितलं की मागे बारीक अक्षरात गाव, तालुका, जिल्हा एवढंच. हा ठेचा कोणी कुटला, ही नाचणी कोणी वेचली, याचा पत्ता नाही. आणि थोर व्यक्तींच्या नावांना कायद्याच्याही मर्यादा आहेत. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू ही नावं आहेत; केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. पवित्र ग्रंथाचं नावही कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. उदबत्तीच्या एका दाव्यात ‘रामायण’ या नावावर कुणालाही एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं. ‘खमंग’, ‘घरगुती’, ‘शुद्ध’ असे मालाचा गुण सांगणारे शब्दही नोंदणीत सहसा टिकत नाहीत. तेही सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेले असतात.

मग उरतं काय? वहिनींना मी म्हटलं, “लोक तुम्हाला काय म्हणतात ते आधी बघू.” त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी चौघीजणींना विचारलं, फोनमध्ये वहिनींचा नंबर कोणत्या नावाने ठेवलाय? तिघींकडे होतं ‘भाजणी काकू’, एकीकडे ‘काकू मेतकूट’. हे फार मोलाचं आहे. ठाण्याच्या मामलेदार मिसळीला नाव मिळालं ते शेजारच्या मामलेदार कचेरीवरून, लोकांच्या तोंडून. लोकांनी दिलेलं नाव टिकतं, कारण ते आधीच पाठ असतं. पण ‘भाजणी काकू’ हे नाव उद्या दुसऱ्या कुठल्याही काकूला चिकटेल. त्यात स्वतःचं एक नाव जोडायला हवं होतं.

कुणीही सुचवलेलं नाव मी फोनवर म्हणून बघते, माझी ती सवय आहे. एसटी स्टँडवरच्या गोंगाटात कुणाला तरी नाव सांगायचं आणि पलीकडच्याने ते न विचारता लिहून घेतलं पाहिजे. मुलाने सुचवलेलं इंग्रजी नाव इथेच गळालं. वहिनींनाच ते दोनदा सांगावं लागलं आणि दोन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. शिवाय उद्या दुकान काढलं तर पाटी मराठीतच लावावी लागेल. २०२२ च्या दुरुस्तीपासून राज्यात लहानमोठ्या सगळ्या दुकानांना नाव सुरुवातीला देवनागरीत लिहावं लागतं आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. देवनागरीत नीट न बसणारं नाव तिथे ओढूनताणून बसवावं लागतं, मग ते वाचणाऱ्याला अडखळायला लावतं.

बैठक पुढे सरकली आणि मुख्य गोष्ट बाहेर आली. पैसे घेण्यासाठी भिंतीला क्यूआर कोड लावलेला आहे. मी तो माझ्या फोनने स्कॅन केला. पडद्यावर नाव आलं भाऊजींचं, कारण खातं त्यांचं. म्हणजे वहिनींच्या भाजणीचे पैसे देताना प्रत्येक गिऱ्हाईक इतकी वर्षं भाऊजींचं नाव वाचत आलं आहे. भाऊजींनी त्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे केलेला नाही, फार सज्जन माणूस. पण उद्या वहिनींनी कर्ज मागितलं, तर बँक विचारणार, व्यवसायाची उलाढाल कुठे दिसते? ती नवऱ्याच्या खात्यात दिसते. त्यांच्या कष्टाचा एकही कागद त्यांच्या बाजूने बोलत नाही.

म्हणून मी त्या दिवशी नावाचा विषय बाजूला ठेवून कागदांची यादी लिहून दिली. वहिनींच्या नावाने चालू खातं. उद्यम नोंदणी, ती ऑनलाइन आणि फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. अन्न परवाना त्यांच्याच नावाने. आणि व्यापारचिन्हाचा अर्ज: एकट्या व्यक्तीला ऑनलाइन एका वर्गासाठी ४,५०० रुपये. पीठ आणि मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या वर्गात. पुढे लोणची करायची असतील तर आत्ताच विचार केलेला बरा. अर्ज करण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधायचं, तेही उच्चाराने सारख्या वाटणाऱ्या नावांसकट, कारण कानाला सारखं लागणारं नावही आड येतं. नाव जर्नलमध्ये छापून आलं की हरकत घ्यायला चार महिने असतात. नोंदणी झाली की दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. तोवर नावापुढे गोलातला इंग्रजी ‘आर’ छापायचा नाही, नोंदणीआधी तो वापरणं गुन्हा आहे. भाऊजींनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे आधीच करायला हवं होतं.” दुसऱ्या दिवशी तेच वहिनींना घेऊन बँकेत गेले.

नावाचा प्रश्न त्यानंतर वहिनींनीच सोडवला. लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव फक्त आईच्या आणि एका मैत्रिणीच्या तोंडी राहिलं. आधार कार्डावर, पॅनवर, शिधापत्रिकेवर सगळीकडे सासरचं. “मला पाकिटावर ते पहिलं नाव हवंय,” त्या म्हणाल्या. “भाजणी सासूबाईंची, पण आईच्या घरी मी आधी जातं ओढायला शिकले.” कागदपत्रांची अडचण येईल का, हे त्यांनी लगेच विचारलं. ती येत नाही. अर्जदार म्हणून कायदेशीर नाव लिहायचं, चिन्ह म्हणून हवं ते. सासूबाईंनी मान हलवून होकार दिला आणि भाजणीच्या पाकिटामागे ‘सासूबाईंच्या हातची पद्धत’ अशी ओळ घालायचं ठरलं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सरकारने बंधनकारक केलं आहे. ते चांगलंच झालं. पण मुलापाठोपाठ आईच्या कामावरही तिचं नाव यायला हवं आणि त्याला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

वहिनींनी निवडलेलं नाव मी इथे छापत नाही, कारण अर्ज अजून दाखल व्हायचा आहे आणि वर्तमानपत्रात आलेलं नाव दुसऱ्या कुणी आधी उचललं तर भांडत बसावं लागेल. शोध घेऊन झाला आहे, त्या वर्गात तसं नाव कुणाचं सापडलं नाही. छापखान्यात पहिली पाचशेच पाकिटं सांगितली आहेत, दुकानदाराने वजन किंवा किंमत बदलायला लावली तर जास्तीची वाया जायला नकोत. नव्या खात्याचा क्यूआर कोड आला की जुना काढायचा आहे.