किलोच्या भावाने पराक्रम

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या वसईत भंगारवाल्याची आरोळी जरा जास्तच ऐकू येते. माळे रिकामे होतात, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचे डबे घेतले जातात, आणि घर मोकळे झाल्याच्या समाधानात मंडळी फराळाकडे वळतात. अडगळ गेलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु अडगळ कोणती आणि ठेवा कोणता हे तराजूच्या काट्यावर ठरविण्याची जी खोड आपल्याला जडली आहे, तिच्याशी माझे जुने वैर आहे. यंदा ते वैर मी अशा एका वस्तूवरून उकरून काढणार आहे की, तिचे नाव ऐकताच वाचक हसतील. ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणीच्या मालिकांत उड्या मारणारी, आपटणारी, कोलांट्या खाणारी मोटारगाडी.

हसून झाले असेल तर आता किंमत ऐका. १९६६ साली अमेरिकेत ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातली ती काळी, पंखांची मोटार मुळात लिंकन फ्युचुरा नावाची, १९५५ सालची, इटलीत तूरिनच्या घिआ कारखान्यात हाताने घडविलेली प्रदर्शनाची गाडी होती. प्रदर्शने संपली आणि गाडी पडून राहिली. जॉर्ज बॅरिस नावाच्या कारागिराने ती म्हणे एका डॉलरला घेतली आणि मालिकेसाठी तिचे रूप पालटले. तीच गाडी २०१३ च्या जानेवारीत लिलावात दलालीसह ४६ लाख २० हजार डॉलरांना गेली; म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे २५ कोटी रुपये! एक डॉलर आणि ४६ लाख डॉलर यांच्यामध्ये जे काही आहे, ते लोखंड नव्हे. लोखंड तेवढेच होते.

पण ही झाली मिरवणुकीची गाडी. माझे मन गुंतले आहे ते दुसरीत. ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही मालिका १९७९ पासून १९८५ पर्यंत चालली. तिच्यात ‘जनरल ली’ नावाची नारिंगी डॉज चार्जर होती. पडद्यावर ती एकच. प्रत्यक्षात मालिका संपेपर्यंत अशा सुमारे ३०० गाड्या मोडून खाल्ल्या गेल्या. कारण सोपे आहे. मोटार हवेत गेली की इंजिनाच्या भाराने तिचे नाक खाली जाते; म्हणून मागच्या डिकीत वजन भरतात. तरीही जमिनीवर येताना साटा वाकतोच, आणि वाकलेल्या साट्याची गाडी पुन्हा रस्त्यावर धड चालत नाही. एक उडी, एक गाडी. यांतली पहिली उडी ११ नोव्हेंबर १९७८ रोजी जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या आवारात झाली. क्रेग बॅक्स्ली या स्टंट चालकाने गाडी १६ फूट उंच आणि ८२ फूट लांब उडविली. आपल्या दोन एस. टी. गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर त्या ओलांडून वर थोडी जागा उरेल, एवढे हे अंतर. ती गाडी पुढे भंगारात गेली, वीस-बावीस वर्षांनी तिथेच सापडली, दुरुस्त झाली, आणि २०१२ मध्ये बब्बा वॉटसन या गोल्फपटूने ती १ लाख १० हजार डॉलरांना घेतली.

आता हा हिशोब पाहा. जी गाडी ऐटीत उभी राहिली तिला ४६ लाख. जी प्रत्यक्ष उडाली तिला १ लाख. संग्राहकांच्या बाजारात साधारण हाच न्याय आहे. नायकाचा चेहरा जवळून दाखविताना वापरलेली गाडी उंच भावाने जाते आणि मार खाल्लेली मागे राहते. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटाचेच घ्या ना! त्यात दोन मस्टँग गाड्या होत्या. एक एका कुटुंबाने १९७४ साली घरी वापरायला घेतली. घरातील बाई तीतून शाळेत शिकवायला जात. चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन याने १९७७ मध्ये पत्र लिहून ती मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पोचे, गंज, सारे जसेच्या तसे असताना २०२० मध्ये ती दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरांना विकली गेली. आणि उड्या मारणारी दुसरी? ती २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या एका भंगारवाड्यात सापडली.

म्हणजे श्रम करणाऱ्याने भंगारात जावे हा नियम अमेरिकेतही आहेच. फरक एवढाच की, तिथे भंगारात गेलेली गाडी ओळखता येते. चॅसिसचा नंबर कागदोपत्री कुठे तरी असतो, छायाचित्र असते, उडी कोणी मारली त्याचे नाव असते. संग्राहक पैसे मोजतो ते या कागदाचे. आमच्याकडे गाडीही जाते आणि कागद तर जन्मालाच येत नाही.

हे मी घरी बसून लिहीत नाही. आमच्या नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट आहेत, हे वसई-विरारकरांना सांगायला नको. तिथे एका मालिकेच्या व्यवस्थापकाला मी विचारले, “अहो, गेल्या वर्षी ती पांढरी गाडी कठड्यावरून उडवली होती, ती कुठे आहे?”

“काका, ती केव्हाच वालीवला काट्यावर गेली.”

“नंबर काय होता तिचा?”

“पाटी तर खोटीच असते, काका!”

“आणि चालवत कोण होता?”

तो विचारात पडला. वाईट माणूस नव्हे तो. मला चहाही पाजला. पण त्याला आठवेना. वर्षही लोटले नव्हते.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, “हा श्रीमंत गोऱ्यांचा चाळा आहे. वापरून झालेल्या वस्तूला कवटाळून बसणे आपल्या रक्तात नाही.” मी त्यांना नाशिकला नारोशंकराच्या देवळापाशी नेऊन उभे करणार आहे. तिथली ती प्रचंड घंटा आमच्या वसईची आठवण आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि इथल्या चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरलाही एक आहे. त्या काळी तोफा ओतायला धातू हवाच होता. घंटा वितळविता आल्या असत्या. वितळविल्या नाहीत, वाहून नेल्या, टांगल्या आणि कुठून आल्या ते सांगत राहिले. पोरांना आजही सांगतात. वस्तूची किंमत तिच्या कथेत असते, हे ज्यांना घाट चढून घंटा नेताना कळले होते, त्यांच्या वंशजांना अमेरिकेच्या लिलावातून शिकायची पाळी यावी?

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे. पडद्यावरची गाडी खोटी असते, म्हणतात. इंजिनाचा आवाज मागाहून भरलेला, नंबराची पाटी खोटी, आत बसलेला नायकही खोटा. सगळे कबूल. पण उडी? गोष्ट खोटी असते, साटा मात्र खराच वाकतो. साऱ्या मालिकेत खरे असे काही घडत असेल तर ते त्या दोन-तीन सेकंदांत घडते, आणि नेमके तेच आपण किलोवर विकतो.

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. चांगले केले. शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांची. अट अशी की गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि तिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या अटीने ती २५ कोटींची बॅटमॅनची गाडी आमच्या वसईच्या आर. टी. ओ. च्या दारातून परत येईल! २००४ च्या ‘टारझन : द वंडर कार’ मधली गाडी दिलीप छाब्रियांच्या कारखान्यात टोयोटाच्या एम. आर. टू वर बांधली होती. तिला ५० वर्षे होणार २०५४ मध्ये, आणि तेव्हाही फेरफाराच्या अटीवर ती अडणार. मधल्या काळात ती मुंबईत धूळ खात पडल्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. ‘सी. आय. डी.’ मधली क्वालिस तर घराघरात ठाऊक. त्या जातीच्या गाड्यांचे उत्पादन २००५ मध्ये थांबले; म्हणजे आज हयात असलेली प्रत्येक क्वालिस विशीच्या पुढे गेली, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढे चालवायला १० हजार रुपये पडतात. कोण भरील? अर्थात गाडी रस्त्यावर न आणता गोदामात ठेवायला कोणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती मनाची, आणि वसईतल्या जागेच्या भावाची.

मला संग्राहकांचाही पुळका नाही, हे इथेच सांगतो. यांतले पुष्कळसे लोक गाडी मिळाली की आधी तिचे पोचे काढतात. त्या पहिल्या ‘जनरल ली’ला चकचकीत करून टाकले, १६ फुटांवरून पडल्याची एकही खूण अंगावर ठेवली नाही. जखमेचा व्रण पुसून पदक विकत घेण्यातलाच हा प्रकार. ‘बुलिट’ची गंजकी मस्टँग पाहून तरी या लोकांनी शिकावे.

आणि ही चर्चा गाड्यांची आहे असे कोणाला वाटत असेल, तर २०२५ च्या जुलैकडे पाहा. तमिळनाडूत नागपट्टिणमजवळ एका चित्रपटासाठी गाडी उलटविण्याचा प्रसंग चालू असताना एस. एम. राजू हा अनुभवी स्टंट कलाकार मरण पावला. चार दिवस त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. त्याच्यासारखे जे मेले नाहीत, नुसतीच हाडे मोडून घेऊन घरी गेले, त्यांची नावे कोणत्या कागदावर आहेत? नायकाचे नाव श्रेयनामावलीत तीनदा येते. उडी मारणाऱ्याचे आले तर इतक्या वेगाने सरकते की चष्मा लावेपर्यंत ते निघून जाते.

मी संग्रहालय मागत नाही. समित्या नेमल्या जातील, कोनशिला बसेल आणि छपराला गळती लागेल, हे मला ठाऊक आहे. मी प्रत्येक सेटवर एक वही मागतो. तीत तारीख, चॅसिसचा खरा नंबर, किती फुटांवरून, किती वेगाने, आणि चालविणाऱ्याचे पूर्ण नाव, एवढे लिहावे. शिवाय मालिका संपताना दहांतली एक मोडकी गाडी न रंगविता, न ठोकता बाजूला ठेवावी. नायगावच्या त्या व्यवस्थापकाला मी शंभर पानी वही स्वतः नेऊन दिली. परवा पाहिले, तर पहिल्या पानावर त्याने जेवणाच्या डब्यांचा हिशोब मांडला होता. दुसरे पान कोरे आहे. आठ दिवसांनी त्यांच्याकडे गाडी उलटविण्याचा प्रसंग आहे म्हणतात. मी जाणार आहे.