खंडाळ्याच्या हास्यक्लबला छप्पर हवे

खंडाळ्यात सकाळच्या हास्यक्लबसाठी लोणावळा नगरपरिषदेने हक्काची, छप्पर असलेली जागा राखून ठेवावी, ही या दैनिकाची ठाम भूमिका आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्य दिन साजरा करून विषय संपत नाही.

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका उद्यानात अवघ्या पाच जणांसह पहिला हास्यक्लब भरवला. एकत्र येऊन हसण्याचा त्यामागचा विचार हृदयाच्याही कामाचा आहे. मेरीलँड विद्यापीठात डॉ. मायकेल मिलर यांनी २० निरोगी व्यक्तींना चित्रपटांतील प्रसंग दाखवले. २००५मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, हसल्यावर दंडाच्या रोहिणीतील रक्तप्रवाह सरासरी २२ टक्क्यांनी वाढला. तणावाच्या दृश्यांनी तो ३५ टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान होता, आणि हसणे म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. तरीही मुले नोकरीसाठी दूर गेलेल्या ज्येष्ठांना क्लबात रोज नावाने हाक मारणारे, एक दिवस खाडा झाला तर घरी डोकावणारे सोबती मिळतात, हा लाभ मोठाच.

घाटमाथ्यावरच्या धो धो पावसात उघड्यावरचा उपक्रम चार महिने टिकणे कठीण. १९२४पासून योगाचे शास्त्रीय संशोधन करणारे कैवल्यधाम लोणावळ्यातच आहे. हास्यक्लबच्या उपक्रमासाठी त्याचे मार्गदर्शन नगरपरिषदेने मागावे. पर्यटकांच्या वाहनतळासाठी जागा शोधताना रहिवाशांच्या या जागेचाही ठराव पावसाळ्यापूर्वी मंजूर करावा.