वर्गातून विधिमंडळात

"शिकलेल्या माणसानं राजकारणात पडू नये," असं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पारावरही ऐकू येतं आणि शिक्षकांच्या खोलीतही. मला हे पटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायद्याचे प्राध्यापक होते, हे आपण विसरतो. जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मान होता, पगार होता. तिथंच थांबता आलं असतं. पण १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ची निवडणूक जिंकून ते मुंबई विधानसभेत गेले. त्याच वर्षी त्यांनी कोकणातली खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. कुळांची पिळवणूक कायद्याच्या आधारानंच चालली होती. ती थांबवायलाही कायदाच हवा होता. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण प्रश्न सभागृहात पोचला होता.

पुढे १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्यात ते हरले. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हरले! नुसत्या विद्वत्तेला मतं मिळत नाहीत, हे खरंच. पण म्हणून जाणत्यांनी घरी बसायचं का? मग कायदे करणार कोण?

तुम्ही निवडणूकच लढवा, असं मी म्हणत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की मतदार यादीत नाव घाला, ग्रामसभेला जा आणि नीट तयारी करून एक तरी प्रश्न विचारा. नागरिकशास्त्राचा खरा धडा तिथं सुरू होतो.