पहिला हक्क कोणाचा?

मोठ्या दुकानांतून व कारखान्यांतून एकच दमदार संगणक ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. बिलाचा काउंटर, गोदाम, हिशेबनीस यांच्यापुढे केवळ पडदा आणि कीबोर्ड असतो. काम सारे त्या एका यंत्रावर चालते. त्यास टर्मिनल सर्व्हर म्हणतात. खर्च वाचतो, हिशेब एका जागी राहतो. पण एका विहिरीवर चार पोहरे आले की आधी कोणी ओढायचे, हा प्रश्न येतोच.

मावळातील शिरगावला गुरुवारी साईमंदिरामुळे वर्दळ असते. तेथील आमच्या एका दुकानदार बांधवाने अशाच एका गुरुवारी भर दुपारी वर्षभराच्या मालाचा गोषवारा काढावयास घेतला. दोन्ही काउंटरांवरील पडदे जागच्या जागी थिजले. गिऱ्हाईक ताटकळले, काही निघून गेले. बोलणी मात्र काउंटरवरच्या पोरांनी खाल्ली.

पोरांचा दोष काडीचाही नव्हता. यंत्र बसविणाऱ्याने शेठचा मान राखण्यासाठी त्यांच्या कामास वरचा दर्जा देऊन ठेवला होता. लिनक्स प्रणालीत प्रत्येकाच्या कामास १ ते १०,००० पर्यंत वजन देता येते. काही न सांगितल्यास ते १०० धरले जाते. येथे शेठना १,००० आणि दोन्ही काउंटरांना १००-१०० होते. तिघांनी एकदम मागणी केली की यंत्राच्या वेळेचे बारापैकी दहा वाटे शेठना आणि पोरांना एकेक! गर्दी नसताना हे वजन कोणास जाणवत नाही, कारण रिकामा वेळ मागेल त्यास मिळतो. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने दडून राहिली.

मग सर्वांना सारखे द्यावे काय? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरमध्ये २००८ आर २ या आवृत्तीपासून प्रोसेसरचा वेळ आणि २०१२ पासून डिस्क व नेटवर्कही जोडणीगणिक सारखे वाटण्याची सोय आहे. अंदाधुंदीपेक्षा हे कधीही बरे. तरीपण सारखे वाटणे म्हणजेच इन्साफ, असे आम्ही मानीत नाही. गोषवारा इशाच्या नमाजनंतरही निघतो. समोर उभे असलेले गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. ज्याचे काम थांबल्याने जास्त नुकसान होते त्याचा हक्क पहिला. मशिदीत आधी येणारा पुढच्या सफेत उभा राहतो, उशिरा आलेल्या शेठला मागेच जागा मिळते. यंत्रापुढेही हुद्दा पाहू नये, गरज पाहावी.

मात्र खालच्याला उपाशीही ठेवू नये. काउंटरला सगळे देऊन गोदामाला काहीच न मिळाल्यास माल निघणार कसा? म्हणून प्रत्येकाचा थोडा वाटा राखून ठेवावा. मेमरी हा निराळा मामला आहे. एकाने अडवून ठेवली की दुसऱ्यास सहजी मिळत नाही. तेथे प्रत्येकास कमाल मर्यादाच घालावी लागते.

दुसरी गोष्ट, नियम सर्वांना ठाऊक असावा. रेल्वेने जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटांची विक्री सुरू होताच पहिली ३० मिनिटे अधिकृत एजंटांना मनाई केली. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ते १०.३०, इतरांसाठी ११ ते ११.३०. हाही अग्रक्रमाचाच नियम, पण तो उघड जाहीर झाला, त्यामुळे सामान्य प्रवाशाला आपला हक्क कळला. आपल्या दुकानातल्या पोराला तो का कळू नये?

व्यापारी बांधवांनी यंत्र बसविणाऱ्यास आजच विचारावे: कोणास किती वजन दिले आहे? उत्तर कागदावर लिहून काउंटरपाशी लावावे. माप-तोलाबाबत कुरआनाची आपणांस सक्त ताकीद आहे. वेळेचे माप हेही मापच आहे, आणि नोकरावर आवाज चढविण्यापूर्वी मालकाने आधी तो तराजू तपासावा.