दुधाचे बटण, दुधाची पिशवी

चेंबूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत नववीच्या मुलींनी कोमट दुधात व्हिनेगर घालून ते नासवले, चोथा फडक्यात पिळून बाटलीच्या झाकणात घट्ट बसवला व खिडकीत वाळत ठेवला, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यातून हस्तिदंती रंगाचे टणक बटण निघाले. 1899 साली जर्मनीत याच केसिनच्या, म्हणजे दुधातील प्रथिनाच्या, प्लॅस्टिकचे पेटंट घेण्यात आले होते, आणि पुढे कित्येक वर्षे युरोपातील कपड्यांना अशी बटणे लागत.

बाईंनी त्या बटणाशेजारी दुधाचीच रिकामी, धुतलेली पिशवी ठेवली. दोन्ही बहुवारिके, म्हणजे लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेल्या लांब साखळ्या. परंतु केसिनची साखळी गुरांच्या देहात गुंफली जाते, आणि पॉलिथिनची साखळी माणूस एथिलीनपासून घडवतो, जे खनिज तेलातील नाफ्थ्यापासून मिळते. पिशवीच्या दोन पट्ट्या बटर पेपरमध्ये ठेवून इस्त्री फिरवताच एकजीव झाल्या; बटण मात्र वितळले नाही, तपकिरी होऊन करपले. रात्रभर पाण्यात पिशवी जशीच्या तशी राहिली, आणि दुसरे बटण भिजलेल्या हरभऱ्यासारखे फुगून मऊ पडले.

“बाई, पिशवी पुन्हा वितळते, तर फेकायची कशाला?” एका मुलीने विचारले. राज्य शासनाच्या 23 मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या जाड पिशव्यांना सवलत मिळाली, ती त्या परत घेण्याच्या व त्यांवर किमान 50 पैसे परतावा छापण्याच्या अटीवर. त्या अटीला आधार देणारे रसायनशास्त्र या मुलीच्या हाती इस्त्रीखालीच लागले.

नुसते बटण करून मुली हरखल्या असत्या, पण हा प्रश्न उद्भवला तो दोन पदार्थ एकाच कसोटीस लावल्यामुळे. सबब, जर्नलातील सुबक आकृत्यांसाठी राखलेल्या गुणांपैकी काही गुण अशा तुलनेच्या टिपणास देण्याची तजवीज शिक्षणखात्याने करावी, अशी माझी कळकळीची शिफारस आहे. एका बाजूस माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि दुसऱ्या बाजूस देवनारचा कचऱ्याचा डोंगर, यांच्यामध्ये वाढणाऱ्या चेंबूरच्या मुलांना या दोहोंमधली वाट स्वतःच्या हातांनी तपासता आली पाहिजे.