चार मिलिमीटरचं शहाणपण

मंडळी, खिशातून तीन नोटा काढा. १००, २०० आणि ५००. आता डोळे मिटून एकेक हातात घ्या आणि ओळखा. अवघड जातंय ना?

जाणारच! तिघींची रुंदी ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे १०० आणि २०० मध्ये फरक किती, तर ४ मिलिमीटर. आधीच्या मालिकेत १०० ची नोट १५७ आणि ५०० ची १६७ मिलिमीटर होती. चांगला एक सेंटीमीटर!

कागदावर '४' हा फरकच आहे हो. पण बोटं पट्टी नसतात. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्येच दाखवलं होतं की जाणवणारा फरक हा मूळ मापाच्या प्रमाणात असतो. हाच हिशोब इथे लावा. आधी फरक ६ टक्क्यांच्या वर होता, आता ३ च्या खाली. शिवाय तुलनेला दुसरी नोट हातात असेलच असं नाही. एकटी नोट ओळखणं हे दोन नोटा ताडून बघण्यापेक्षा कितीतरी कठीण.

"अहो, पण उठावाच्या खुणा आहेत की!" आहेत. १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ, कडेला तिरप्या रेघा. कोऱ्या नोटेवर ठीक. भाजीवाल्याच्या गल्ल्यात वर्षभर मळलेल्या नोटेवर त्या कितपत लागतात? "मग अ‍ॅप आहे ना!" हो, २०२० साली रिझर्व्ह बँकेने 'मणी' आणलं. म्हणजे बसमध्ये एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने नोट, आणि फोन बहुतेक दातात!

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, हीच खरी लाज.

मोजणं अजिबात कठीण नाही राव. रोज बोटांनी नोटा ओळखणारी अंध माणसं बोलवा. मळक्या नोटा एकेक करून, क्रम उलटसुलट करून द्या. किती सेकंद लागले आणि कोणती नोट कोणती समजली गेली, याचा तक्ता मांडा. नुसती 'नव्वद टक्के बरोबर' अशी सरासरी नको. १०० समजून ५०० दिली की ४०० रुपये गेले, आणि ते सरासरीच्या खिशातून जात नाहीत.

आपण बटणाचा रंग ठरवायला हजारो लोकांवर चाचणी घेतो. नोटेसाठी, छापण्याआधी, एवढी तरी घ्या!