आवाज बंद करून भाषण बघा!

18 ऑक्टोबर 2019. साताऱ्यात 78 वर्षांचे शरद पवार भर पावसात, छत्री न घेता बोलत होते. तीन दिवसांनी मतदान झालं आणि लोकसभा पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील जिंकले, भाजपचे उदयनराजे भोसले हरले.

त्या भाषणात पवार काय म्हणाले, आठवतं? आधीच्या वेळी उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी दिली होती. आपल्या लक्षात राहिला तो भिजलेला फोटो.

निकाल फक्त फोटोमुळे लागला असं नाही. उदयनराजेंचं पक्षांतरही लोकांसमोर होतं. पण फोनवर व्हिडिओ बऱ्याचदा म्यूटवरच सुरू होतो. मुद्द्याआधी चेहरा, कपडे, हावभाव दिसतात. आपण थांबलो की अल्गोरिदम तसलंच आणखी दाखवतो. 1960 च्या केनेडी-निक्सन टीव्ही वादातही आजारातून उठलेल्या निक्सन यांच्या थकलेल्या चेहऱ्याचीच चर्चा झाली.

कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजात हा प्रयोग करता येईल. एकच भाषण घ्या, वर्गाचे तीन गट करा. पहिला आवाज बंद करून बघेल, दुसरा फक्त ऐकेल, तिसरा लिहिलेलं वाचेल. प्रत्येकाने 10 पैकी गुण द्यायचे, कारणही लिहायचं. मग तिन्ही गटांची कारणं फळ्यावर शेजारी मांडा. दिसण्याला किती गुण गेले, ते तिथेच कळेल.

पुढची रील फॉरवर्ड करण्याआधी नेता काय करणार म्हणाला, ते एका ओळीत सांगून बघा. जमत नसेल, तर मुद्दा तुमच्यापर्यंत पोचलेलाच नाही. मत मात्र तुमचंच जाणार आहे.